घरच्या घरी गाडीचं पॉलिश: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा बंगल्यासमोर गाडी लावणाऱ्या लोकांचे हे प्रश्न आहेत. बहुतेकांची सुरुवात “कोणतं पॉलिश घेऊ?” अशी होते. मी आधी विचारतो, “गाडी पुसता कशी?” कारण रंग खराब होतो तो बऱ्याचदा पुसण्यानं, आणि पुसणं तसंच राहिलं तर कितीही महागडं पॉलिश दोन महिन्यांत वाया जातं. म्हणून उत्तरांचा क्रमही तसाच ठेवला आहे.

पॉलिश केल्यावर नेमकं काय होतं? ओरखडा भरतो का?

भरत नाही. ओरखड्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो, म्हणून ओरखडा दिसेनासा होतो. हे एकदा नीट समजलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

हल्लीच्या गाडीच्या पत्र्यावर खालून वर असे थर असतात: गंज न धरू देणारा थर, प्रायमर, रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळे मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतात. झेरॉक्सचा एक साधा कागद सुमारे 100 मायक्रॉनचा असतो. त्यातला क्लिअर कोट जेमतेम 35 ते 50 मायक्रॉन. चकाकी त्याचीच, आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवण्याचं कामही त्याचंच. प्रत्येक पॉलिशला त्यातलं थोडं जातं आणि गेलेलं परत येत नाही. तेव्हा दर दिवाळीला “जरा रबिंग मारून घेऊ” असं म्हणणाऱ्या मित्राला थांबवा. नीट सांभाळलेल्या गाडीला मशीनचं पॉलिश काही वर्षांतून एकदा पुरतं. चमक टिकवायला मध्ये वॅक्स, म्हणजे रंगावर लावायचं मेण, आहे.

उन्हात गाडी लावली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल दिसतात. हे कशामुळे?

ते खरे गोल नसतात. सगळ्या दिशांना गेलेले हजारो बारीक सरळ चरे असतात. त्यांतले जे प्रकाशाच्या ठिपक्याभोवती आडवे येतात तेवढेच चमकतात, आणि मिळून गोल जाळं दिसतं. सूर्याऐवजी मोबाइलचा टॉर्च धरून हात हलवा. जाळं टॉर्चबरोबर सरकतं.

कारण रोज सकाळी साडेसहाला पार्किंगमध्ये दिसतं. एक बादली, एक फडकं, दहा गाड्या. पहिल्या गाडीची धूळ फडक्यातून बादलीत, बादलीतून दुसऱ्या गाडीवर. पुसणाऱ्या पोराचा यात दोष नाही. महिन्याच्या ठरलेल्या पैशात त्याला तेवढंच पाणी आणि तेवढाच वेळ मिळतो. त्यातून आपल्याकडची धूळ म्हणजे बरीचशी काळ्या पाषाणाची भुकटी, क्रशरच्या खडीची आणि रस्त्याच्या कामांची. 2027 च्या सिंहस्थासाठी शहरभर कामं निघाल्यापासून तर ती कायमचीच झाली आहे. हे दगडाचे कण क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कडक असतात. कोरडं फडकं मारलं की ते कागदावर पेन्सिल ओढावी तसे रेघा ओढत जातात. पिसांचा झाडू किंवा मेणाची मॉप झटकणीही तेच करते, फक्त हळुवारपणे.

रोज पुसायचा आग्रह सोडा. धुळीची गाडी ही खराब गाडी नव्हे. आठवड्यातून एकदा नीट धुतली तरी पुष्कळ, आणि रोज फक्त काचा पुसून घ्यायला सांगा.

मग नीट धुवायची म्हणजे कशी? आमच्याकडे मे महिन्यात पाणीकपात असते.

आधी फडकं न लावता जितकी धूळ निघेल तितकी काढा. प्रेशर वॉशर असेल तर उत्तम. नसेल तर शेतीच्या दुकानातून दोन लिटरचा छोटा हातपंप आणा. नवाच आणा. औषध फवारलेला पंप कितीही धुतला तरी गाडीवर वापरू नका. खालच्या अर्ध्या भागावर जास्त फवारा, चिखल तिथेच असतो.

मग दोन बादल्या घ्या. एकीत कार शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून एक पॅनेल धुवा, साध्या पाण्यात पिळून स्वच्छ करा, मग पुन्हा शाम्पूत. छपरापासून खाली या. दाराचा खालचा भाग आणि चाकं शेवटी, आणि चाकांचं फडकं वेगळंच. सरळ रेषेत हात फिरवा, गोल नको. भांड्यांचं लिक्विड वॅक्स धुऊन नेतं, म्हणून रोजच्या धुण्याला नको. पॉलिश करायच्या दिवशी मात्र जुनं वॅक्स काढायला ते एकदा चालतं.

या पद्धतीला दोन बादल्या आणि पंपभर पाणी लागतं. पाइप लावून धुण्यापेक्षा कितीतरी कमी. गंगापूर, मुकणे, दारणा धरणांवर सगळं शहर तहान भागवतं. तिथलं पाणी पाइपानं नाल्यात सोडणं मला पटत नाही, चमक कितीही हवी असली तरी. टंचाईच्या दिवसांसाठी रिन्सलेस वॉश नावाचं, नंतर पाण्यानं धुवावं न लागणारं द्रव मिळतं, त्याचं एक बादली पाणी पुरतं. फक्त चिखलानं माखलेल्या गाडीला ते वापरू नका.

बोअरच्या पाण्यानं धुतलं की पांढरे डाग पडतात. ते जात का नाहीत?

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार थेंबाच्या आकारात मागे राहतात. ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर सम प्रमाणात मिसळून मायक्रोफायबर भिजवा, डागावर मिनिटभर ठेवा, पुसा आणि लगेच धुऊन टाका. सावलीत करा. जुन्या डागांनी क्लिअर कोटमध्ये खड्डा पाडलेला असतो. क्षार निघाले तरी कडा दिसत राहते, तिथे पॉलिशच लागतं.

मूळ उपाय एकच. पाणी गाडीवर वाळू द्यायचं नाही. उन्हात धुवायचं नाही, आणि धुतल्याबरोबर जाड टॉवेलनं टिपून घ्यायचं. शक्य असेल तर शेवटच्या फेरीला महापालिकेचं पाणी वापरा.

एक सवय पुष्कळ घरांत दिसते: आरओच्या मशीनमधून बाहेर पडणारं पाणी साठवून त्यानं गाडी धुणं. पाणी वाचवण्याचा विचार चांगला आहे, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात. ते फरशीला, संडासाला, फार तर चाकांच्या पहिल्या धुण्याला वापरा. रंगावर शेवटचा हात त्याचा नको.

धुतल्यावरही पत्र्यावर हात फिरवला की खरखरीत लागतं.

स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घाला आणि बोटांची टोकं बॉनेटवर अलगद फिरवा. पिशवीतून बारीकसारीक कणही ठळक लागतात. दार आणि छप्पर दोन्ही तपासा, फरक कळेल.

अंबड-सातपूर एमआयडीसीत काम करणाऱ्यांच्या आणि रेल्वे स्टेशनजवळ गाडी लावणाऱ्यांच्या गाड्यांवर हे जास्त आढळतं. ग्राइंडिंगचे, ब्रेकचे लोखंडी कण रंगात रुततात आणि तिथेच गंजतात. पांढऱ्या गाडीवर ते तपकिरी ठिपके म्हणून दिसतात आणि मालक घाबरून पत्राच गंजला असं समजतो. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतं. थंड पॅनेलवर फवारलं की लोखंडाशी संयोग होऊन जांभळे ओघळ येतात. तीन-चार मिनिटांत, वाळायच्या आत, भरपूर पाण्यानं धुवा. वास सडक्या अंड्यासारखा उग्र असतो. हातमोजे घाला आणि मोकळ्या हवेत करा.

उरलेल्यासाठी क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी. सुपारीएवढा तुकडा चपटा करा, शाम्पूच्या पाण्यानं पॅनेल बुळबुळीत करा आणि दाब न देता सरकवत न्या. सुरुवातीला अडखळतो, आवाज येतो, मग एकाएकी गुळगुळीत सरकायला लागतो. तिथे थांबा. क्ले जमिनीवर पडला तर धुऊन वापरायचा मोह टाळा, टाकून द्या. आणि क्ले झाल्यावर बारीक चरे येतातच, त्यामुळे क्ले करायचा तो पॉलिश करायच्या वेळीच. दर महिन्याला नव्हे.

हातानं पॉलिश होतं का, की मशीन घ्यावंच लागेल?

एखादा डाग, दाराच्या हँडलमागचे नखांचे ओरखडे, टाकीच्या झाकणाभोवतीची जागा हातानं उत्तम होते. सगळी गाडी हातानं एकसारखी करणं मात्र दमछाक आहे आणि निकाल पट्ट्यापट्ट्यांचा येतो.

मशीन घ्यायचं तर ड्युअल अ‍ॅक्शन, ज्याला दुकानात डीए म्हणतात. त्याचं पॅड फिरताना डगमगतंही, त्यामुळे उष्णता एका जागी साचत नाही आणि नवशिक्याच्या हातून रंग जळण्याची भीती फार कमी असते. डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडे असतं ते रोटरी. ते एका जागी गोल फिरतं, झपाट्यानं कापतं, आणि हात बसलेला नसेल तर कडेवरचा रंग काही सेकंदांत उडवतं. ग्राइंडरला बफ लावून पॉलिश करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याचा वेग पॉलिशिंगच्या वेगाच्या कितीतरी पट असतो.

शेजारीपाजारी किंवा भावंडांत मिळून एक डीए घेणं हा मला सगळ्यात शहाणपणाचा मार्ग वाटतो. वर्षभर ते कपाटातच असणार.

पहिल्यांदाच करतोय. एका पॅनेलचं काम सुरुवातीपासून सांगाल?

बॉनेट घेऊ. सपाट असतं, डोळ्यांसमोर असतं.

गाडी धुतलेली, क्ले केलेली, कोरडी आणि सावलीत हवी. हाताची मागची बाजू बॉनेटवर टेकवा. आरामात ठेवता आली तर काम सुरू करा, चटका बसला तर थांबा. रबराच्या पट्ट्या, काळं प्लास्टिक, लोगो आणि बॉनेटच्या कडा मास्किंग टेपनं झाका. कडांवर आणि उठावदार रेषांवर रंग सगळ्यात पातळ असतो, टेप तिथे सगळ्यात महत्त्वाची. एक्स्टेन्शनची वायर खांद्यावरून मागे टाका म्हणजे ती रंगावर घासणार नाही. ओल्या फरशीवर उभं राहून मशीन चालवू नका. चष्मा घाला, ओढणी किंवा सैल बाही आवरून घ्या.

सुरुवात सगळ्यात सौम्य जोडीनं करायची: मऊ फोमचं पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. साधारण दीड फूट लांब-रुंद चौकोन ठरवा. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके द्या. मशीन बंद असतानाच पॅड रंगावर टेकवून ठिपके पसरा, मग कमी वेगात सुरू करा. नाहीतर पॉलिश भिंतीवर आणि तुमच्या शर्टावर. त्यानंतर वेग सहापैकी चार-पाचवर न्या. हात मात्र सावकाश, सेकंदाला इंचभर. आधी आडव्या ओळी, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढलेली, मग उभ्या. अशा चार ते सहा फेऱ्या. दाब किती? पॅडच्या मागच्या प्लेटवर मार्करनं एक रेघ ओढा. रेघ फिरताना दिसली पाहिजे. फिरणं थांबून नुसतं थरथरत असेल तर दाब जास्त आहे.

दुधाळ थर हळूहळू पातळ, अर्धपारदर्शक होतो. तेव्हा थांबा, स्वच्छ मायक्रोफायबरनं पुसा. आता घाई नको. पॉलिशमधलं तेल चऱ्यांमध्ये बसून ते तात्पुरते झाकतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल चार पट पाण्यात मिसळून फवारा आणि पुन्हा पुसा. मग टॉर्च तिरका धरून बघा. या चौकोनात चरे सत्तर-ऐंशी टक्के गेले असतील तर तुमची जोडी ठरली, सगळी गाडी त्यावरच करा. गेले नसतील तर आधी पॅड बदला, मग पॉलिश. एकदम कंपाउंडकडे, म्हणजे जास्त कापणाऱ्या कडक पॉलिशकडे, उडी मारायची नाही. उरलेले वीस टक्के खोल चरे तसेच राहू द्या असं मी प्रत्येकाला सांगतो. ते काढायला जितका थर खर्च होतो तितक्याची ती चमक नसते.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशनं झाडा. बंपरवर वेग कमी करा, प्लास्टिक उष्णता पसरवत नाही, त्यामुळे रंग पत्र्यापेक्षा लवकर तापतो. पूर्ण गाडी एका दिवसात झालीच पाहिजे असं काही नाही. शनिवारी बॉनेट-छप्पर, रविवारी बाजू.

खोल ओरखडा आहे. जाईल का?

नख आडवं फिरवा. अडकलं नाही तर पॉलिशनं बराच जातो. अडकलं तर ओरखडा क्लिअर कोटमध्ये खोल किंवा त्याच्याही खाली आहे. पांढरट किंवा करडं दिसत असेल तर प्रायमर, चकचकीत धातू दिसत असेल तर पत्रा. तिथे टचअपच, म्हणजे तेवढ्याच जागी रंग भरणं.

2000-3000 नंबरचा वॉटर पेपर मारून मग पॉलिश करायची पद्धत खरी आहे, पण ती थराची जाडी मोजायचं यंत्र हातात असलेल्या माणसासाठी. घरी करू नका.

नाशकात हे काम कोणत्या महिन्यात करावं?

ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. हवा कोरडी, पत्रा थंड, पॉलिश लवकर वाळत नाही. थंडीत सकाळी दव असतं आणि निफाडकडे तर पारा फारच खाली जातो, तेव्हा दहाच्या पुढे सुरू करा. एप्रिल-मेमध्ये करायचंच असेल तर सकाळी सहा ते नऊ. पावसाळ्यात झाकलेली जागा असेल तर चालतं. पावसाळ्याच्या तोंडावर, मेअखेर, एक वॅक्सचा हात मात्र जरूर द्या. त्र्यंबक-इगतपुरीकडे जाणं-येणं असलेल्यांना त्याचा फरक लगेच दिसेल.

दसऱ्याला बॉनेटवर काढलेला स्वस्तिक उमटून बसलाय.

दर वर्षी दसऱ्यानंतर हा प्रश्न येतो, विशेषतः पांढऱ्या गाड्यांचा. हळदीचा पिवळेपणा शाम्पूनं धुऊन गाडी काही दिवस उन्हात ठेवली की पुष्कळ फिका होतो, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. कुंकवाचं तसं नाही. बाजारातल्या बऱ्याच कुंकवात कृत्रिम रंग असतो आणि ओलं करून लावलं तर तो मुरतो. आधी शाम्पू, मग अल्कोहोलचं ते पातळ मिश्रण, मग हातानं फिनिशिंग पॉलिश. जोर लावून घासू नका, नाहीतर लाल स्वस्तिक जाऊन तिथे निस्तेज स्वस्तिक राहील.

पूजा करावीच, मीही करतो. स्वस्तिक समोरच्या काचेच्या कोपऱ्यात काढा, काचेवरून सगळं निघतं. किंवा आठवडाभर आधी वॅक्स लावा आणि पूजेच्याच संध्याकाळी स्वस्तिक ओल्या कापडानं टिपून घ्या. झेंडूचा हार जाळीला बांधा आणि महामार्गावर जाण्याआधी सोडा. वाऱ्यानं फडफडणारी सुतळी बंपरवर चरे पाडते, आणि तारेत ओवलेला हार असेल तर विचारूच नका. ओल्या पाकळ्या बॉनेटवर रात्रभर राहिल्या तर त्यांचाही डाग पडतो.

रंगपंचमीचंही तसंच. जुन्या नाशकात रहाडी (रंगाच्या पाण्यानं भरलेले जुने हौद) असतात त्या भागात त्या दिवशी गाडी नेऊच नये. नेली आणि रंग उडाला तर कोरडा रंग पुसू नका, आधी पाण्याचा फवारा.

आमची गाडी द्राक्षबागेजवळ उभी असते. निळसर-पांढरे ठिपके पडतात.

दिंडोरी, पिंपळगाव, निफाड पट्ट्यातल्या लोकांचा हा खास प्रश्न. छाटणीनंतर बोर्डो मिश्रणाची फवारणी होते. त्यात मोरचूद आणि चुना असतो. वाऱ्यानं तुषार गाडीवर येतात आणि वाळले की निळसर कवच धरतात. चुना अल्कधर्मी, उन्हात तो क्लिअर कोट खातो. कोरडं खरवडू नका. भरपूर पाण्यानं भिजवा, मग पाण्यात पातळ केलेलं व्हिनेगर फडक्यावर घेऊन मिनिटभर धरा, आणि धुवा. हातमोजे घाला, कारण त्या थरात दुसरी औषधंही असू शकतात. ते पाणी विहिरीकडे किंवा गुरांच्या हौदाकडे जाऊ देऊ नका.

फवारणीच्या दिवशी ब्लोअर सुरू होण्याआधी गाडी वाऱ्याच्या वरच्या बाजूला नेऊन लावणं हा याहून सोपा उपाय आहे. कव्हर घालायचं तर गाडी स्वच्छ असतानाच घाला. धुळीवर कव्हर घातलं आणि वारा सुटला की ते रात्रभर पॉलिश पेपरचं काम करतं.

पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा डिंक, डांबर, किडे?

विष्ठा आम्लयुक्त असते आणि उन्हात काही तासांतच रंगावर कायमची खूण पडू शकते. गाडीत पाण्याची बाटली आणि एक मायक्रोफायबर ठेवा. भिजवा, दोन मिनिटं थांबा, उचलून घ्या. पुसू नका, उचला, कारण त्यात बिया आणि वाळू असते. वड-पिंपळाखाली गाडी लावणाऱ्यांना हे रोजचं आहे. डिंक कोमट पाण्यानं मऊ करा, राहिला तर अल्कोहोल. डांबराला टार रिमूव्हर. समृद्धीवरून आल्यावर बंपरला चिकटलेले किडे त्याच संध्याकाळी ओल्या टॉवेलखाली दहा मिनिटं भिजवा, अलगद निघतात.

टूथपेस्ट, रॉकेल, डिझेल, खोबरेल तेल?

टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात, म्हणून थोडा परिणाम दिसतो. पण ते कण रंगासाठी बनवलेले नाहीत, निस्तेज ठिपका सोडतात. डिझेल-रॉकेलचा हात मारला की गाडी दिवसभर चकाकते, ती तेलाच्या थरामुळे. त्यावर धूळ चिकटते, रबर फुगतं आणि दुसऱ्या दिवशी पुसताना दुप्पट चरे पडतात. खोबरेल केसांना लावा.

वॅक्स, सीलंट की सिरॅमिक कोटिंग?

ही तिन्ही संरक्षणं आहेत. चरे ती काढत नाहीत. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांपासून मिळतं. लावायला सोपं, झळाळी उबदार, पण आपल्या उन्हात महिना-दोन महिने टिकतं. सीलंट म्हणजे असाच पण कृत्रिम थर, तो चार ते सहा महिने. सिरॅमिक वर्षानुवर्षे टिकू शकतं, पण त्याखालचा रंग आधी अगदी निर्दोष करावा लागतो, कारण जे चरे राहतील ते कोटिंगखाली बंद होतात. कोटिंगवर पाणी थेंब होऊन घरंगळतं, धुणं सोपं होतं. पण खडीचा दगड, लहान मुलाची सायकल, वॉचमनचं फडकं यांपुढे ते टिकत नाही. दगडापासून वाचवते ती पीपीएफ नावाची जाड पारदर्शक फिल्म, आणि ती महाग असते.

घरी करणाऱ्यांनी सीलंट घ्यावं हे माझं मत. लावताना अगदी पातळ. जाड लावलं म्हणून जास्त टिकत नाही, फक्त पुसायला त्रास होतो.

हेडलाइट पिवळे पडलेत.

ते पॉलिकार्बोनेटचे असतात. वरचा संरक्षक थर उन्हानं गेला की पिवळे पडतात. भोवती टेप लावा, पाणी मारत 1000, मग 2000, मग 3000 नंबरचा वॉटर पेपर, शेवटी पॉलिश. काच दिसते तशी स्वच्छ होते. पण इथेच थांबलात तर काही महिन्यांत पुन्हा पिवळे. वरून यूव्ही रोधक क्लिअर किंवा हेडलाइटसाठीचं कोटिंग लावायलाच हवं. रात्री कसारा घाट उतरणाऱ्यांनी रंगाच्या आधी हे काम करावं.

दगडांनी बॉनेटला टवके उडालेत. टचअप घरी जमतं?

जमतं. मुंबई-आग्रा महामार्गावर डंपरच्या मागे चालणाऱ्या प्रत्येक गाडीला हे होतंच, आणि पत्रा उघडा पडला असेल तर पावसाळ्याआधी करावंच. रंगाचा कोड कंपनीनुसार दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. त्या कोडची टचअप बाटली घ्या. टवका अल्कोहोलनं स्वच्छ करा. तांबूस गंज असेल तर तो खरवडून प्रायमरचा ठिपका आधी. बाटलीतला ब्रश जाड असतो, त्याऐवजी टूथपिकच्या टोकानं रंग खड्ड्यात सोडा. एकदम भरू नका. पातळ थर, वाळू द्या, पुन्हा. शेवटी क्लिअरचा ठिपका. तीन फुटांवरून दिसला नाही म्हणजे झालं. सिल्व्हर आणि मोती रंगांत जवळून फरक दिसणारच.

वडिलांची जुनी गाडी आहे, पॉलिश करताना फडक्याला रंग येतो. बिघडलं का?

जुन्या गाड्यांच्या साध्या, बिनमेटॅलिक रंगावर बऱ्याचदा क्लिअर कोट नसायचा. तिथे फडक्यावर लाल किंवा निळा रंग येणं स्वाभाविक आहे. हा रंग निस्तेज होतो, खडूसारखा पांढुरका पडतो, पण पॉलिशला सुंदर प्रतिसाद देतो. आधी तेलकट पॉलिश किंवा ग्लेझ लावून रात्रभर मुरू द्या, मग सौम्य पॉलिश, मग वॅक्स. अशा गाडीचा मूळ रंग शक्य तितका जपा. नवा रंग कधीही मारता येईल, मूळचा पुन्हा मिळणार नाही.

नव्या गाडीवर मात्र फडक्याला रंग आला तर तत्क्षणी थांबा. क्लिअर कोट संपून तुम्ही बेस कोटवर पोचला आहात. आणि जिथे क्लिअर कोटचे पापुद्रे सुटायला लागलेत तिथे पॉलिशचा काही उपयोग नाही, तो पॅनेल रंगवूनच घ्यावा लागेल.

सेकंडहँड गाडी घेतली आहे. एखादा पॅनेल पुन्हा रंगवलेला आहे का, कसं ओळखायचं?

शेजारच्या पॅनेलशी तिरक्या उजेडात छटा जुळवून पाहा. रबराच्या पट्टीखाली रंगाची कड शोधा. पातळ कापडात गुंडाळलेलं छोटं चुंबक पत्र्यावर फिरवा. एखाद्या जागी पकड सैल झाली तर खाली पुट्टी आहे. रंगवलेल्या पॅनेलचा थर किती जाड, किती कडक, हे रंगवणाऱ्यावर अवलंबून असतं, म्हणून तिथे चाचणीचा चौकोन वेगळा करा. नुकताच रंगवून आणला असेल तर रंगवणाऱ्यानं सांगितलेली मुदत संपेपर्यंत, सहसा महिनाभर तरी, वॅक्स किंवा सीलंट लावू नका. रंगातले द्रावक बाहेर पडायला वेळ लागतो.

काळ्या प्लास्टिकवर पॉलिशचे पांढरे डाग पडले.

जुना टूथब्रश, शाम्पू, कोमट पाणी. न निघाल्यास अल्कोहोलचं मिश्रण आणि पुन्हा ब्रश. पुढच्या वेळी टेप.

पॅड आणि फडकी किती दिवस चालतात?

पॅड काम संपल्याबरोबर कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, तोंड खाली करून सावलीत वाळवा. पॉलिश वाळून कडक झालेलं पॅड पुढच्या वेळी चरे पाडतं. मायक्रोफायबर घरच्या सुती कपड्यांबरोबर मशीनला टाकू नका, त्यात धागे अडकतात. फॅब्रिक कंडिशनर नको, त्यानं शोषून घेणं थांबतं. वाळत घालताना अंगणातल्या दोरीवर नको, धूळ बसते, घरात घाला. रंगाची, काचेची आणि चाकाची फडकी वेगवेगळ्या रंगांची घ्या आणि घरातल्या सगळ्यांना रंग सांगून ठेवा. जमिनीवर पडलेलं फडकं त्याच क्षणी चाकाच्या गठ्ठ्यात जातं.